पापडांची सावड

शहापूर, ११ जानेवारी १९३८

आज सलग तिसऱ्या दिवशी आमटी अळणी होती. अठरा वर्षे या तालुक्याचा वृत्तांत इमानाने ठाण्याच्या साप्ताहिकाकडे धाडणारा, व्याकरण मुखोद्गत असलेला एक बावन्न वर्षांचा गृहस्थ स्वतःच्या घरी मिठावाचून जेवतो, ही बाब खरे तर सरकारदरबारी मांडण्याजोगी आहे. मिठापायी या देशात माणसे तुरुंगात जाऊन आली. मी पानावर बसूनच सत्याग्रह केला आणि अर्धी वाटी तशीच ठेवली. सरस्वतीने वाटी उचलून नेली. एक शब्द बोलली नाही. लग्नाला एकतीस वर्षे झाली, पण इतक्या सहज मी कधी जिंकलो नव्हतो.

आणि हे कोणाच्या घरी? चैत्रात अख्ख्या आळीच्या पापडांचे पीठ जिच्या जिभेवरून पुढे जाते तिच्या घरी.

साप्ताहिकासाठी मजकूर: आसनगावच्या वाटेवरची मोरी खचली. सापगावास बैलांना लाळ-खुरकताचा रोग.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. यंदा तिळगूळ शेजारच्या ताराबाईंकडून आला, आमच्याकडून कोठेच गेला नाही. हळदीकुंकवासही सरस्वती गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. मी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. दोन्ही मुली सासरी गेल्यापासून घरात बोलणारा मी एकटाच उरलो आहे, असे विनोदाने म्हटले. हसली नाही. विनोद बरा होता.

६ फेब्रुवारी

आज ताराबाई थेट ओटीवर आल्या. या आमच्या पोस्टमास्तरांच्या पत्नी. आळीतल्या बायकांची सगळी सामाईक कामे यांच्या हुकमाने चालतात. मला वाटले साखर हवी असेल. त्यांनी विचारले, सरस्वतीबाई तीन आठवडे विहिरीवर आल्या नाहीत, त्यांना काय होते आहे?

मी म्हटले, गुडघे.

त्या म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, गुडघ्यांनी माणूस रडत नाही."

आत जाऊन पाहिले. सरस्वती माजघरात भिंतीकडे तोंड करून निजली होती. सकाळचे दहा वाजले होते. विहिरीचे पाणी कोण आणते, हे मी आजवर विचारले नव्हते. ताराबाईंची सून आणते, असे कळले.

७ फेब्रुवारी

डोके थंड ठेवून विचार केला. बातमीदाराने आधी कारण शोधावे. दुपारी तिच्याजवळ बसून रीतसर विचारले: मुलींकडून काही वाईट पत्र आले का? कोणी बोलले का? मी बोललो का? प्रत्येक प्रश्नाला तिने मान हलवली. शेवटी म्हणाली, "काही झालेलं नाही हो. काहीच झालेलं नाही. उठावंसं वाटत नाही, एवढंच."

काहीच झालेले नाही, ही बातमी कशी लिहावी हे मला कोणी शिकवलेले नाही. पण निदान पक्के आहे: विषाद. पोथ्यांत त्याची लक्षणे दिली आहेत, उपायही दिले आहेत. महिन्याभरात उठवून बसवतो.

१२ फेब्रुवारी

ब्राह्मीचे तूप सकाळी. दुपारी कपाळावर कोमट तेलाची धार, अर्धा तास. भांड्याला भोक पाडून, खाली वात सोडून मी ती स्वतः धरतो. पाटपाण्याची मोरी बांधणारासुद्धा माझ्या हाताची तारीफ करील. चौथ्या दिवशी सरस्वती डोळे मिटूनच म्हणाली, "तेल वाया जातंय."

मी हे चांगले लक्षण मानतो. काटकसर जागी आहे.

२० फेब्रुवारी

औषधासोबत उपदेशही हवा, म्हणून रोज संध्याकाळी अनित्यतेवरचे श्लोक अर्थासह सांगतो. आज देह कसा नश्वर, संसार कसा असार, हे फारच रंगून समजावले. ती लक्ष देऊन ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "मलाही तसंच वाटतं."

श्लोक तूर्त बंद केले.

३ मार्च

येथील डॉक्टर तरुण आहे, पण उद्धट नाही. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोपेचे विचारले. लाल मिश्रणाची बाटली दिली. मला बाहेर नेऊन म्हणाला, "याने झोप लागेल, शास्त्रीबुवा. उठणं यातून येणार नाही. ते कशातून येतं, हे मला कोणी नीट शिकवलेलं नाही."

वैद्याने आपले अज्ञान इतक्या साफपणे कबूल केलेले मी प्रथमच ऐकले. फी मात्र पूर्ण घेतली.

१६ मार्च

बाटलीने झोप लागली. इतकी की ती भिंतीला धरून चालते आणि माझे नाव घेतानाही तिची जीभ जड होते. बाटली बंद. डॉक्टरनेही हरकत घेतली नाही. आता हवापालट. तिचा थोरला भाऊ राघोपंत मुरबाडच्या कचेरीत कारकून आहे, त्याचे घर मोठे आणि मन त्याहून मोठे. उद्या गाडी जुंपतो.

२९ मार्च

मुरबाडहून परत. तेथे तिची बडदास्त राणीसारखी झाली. राघोपंताने अंगणात खाट टाकून दिली. भावजय ताट तेथेच आणी, वेणी घाली, पायांना तेल लावी. सरस्वतीने बारा दिवसांत काडी हलवली नाही. जाताना ती गाडीत बसून गेली होती. येताना निजून आली.

निघताना राघोपंताने मला बाजूला घेतले. भला माणूस, डोळ्यांत पाणी होते. म्हणाला, "भावोजी, वैशाख संपेपर्यंत पाहू. मग मी तिला ठाण्याला नेणार. वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टर आहेत. तुमच्या तुपानं हे व्हायचं नाही."

ते इस्पितळ चांगले असेलही. पण तेथे राहून आलेल्या बाईच्या हातचे पीठ आमची आळी लाटायला घेईल का? आणि ते घेतले नाही, तर सरस्वती कोठे बसेल? मी राघोपंताला म्हटले, वैशाख लागेल कशाला, चैत्रातच बरी करतो. असे मी ठामपणे म्हटले खरे.

१८ एप्रिल

आज आळीने माणुसकीची शर्थ केली. आमच्या आळीत पापडांची सावड असते: आज हिच्या घरी, उद्या तिच्या. जिने हात दिला तिच्या घरी हात परत द्यायचे. सगळ्यांची पिठे सरस्वती चाखते, मीठ आणि पापडखार तीच ठरवते. यंदा ताराबाईंनी ठरवले की सरस्वतीबाईंना तोशीस द्यायची नाही. त्यांना सावडीतून मोकळे केले. एवढेच नव्हे, आज सात बायका आमच्याकडे येऊन आमचे वर्षाचे पापड लाटून गेल्या. सरस्वतीला दारात पाटावर बसवले. "तुम्ही नुसत्या बसा हो," असे जी ती म्हणत होती. पीठ ताराबाईंनीच चाखले.

दुपारी चारपर्यंत चारशे पापड वाळत पडले. मला भरून आले. साप्ताहिकासाठी "शहापुरातील शेजारधर्म" असा मजकूर लगेच लिहिला.

सगळ्या गेल्यावर सरस्वती पापडांकडे पाहत म्हणाली, "माझ्यावाचून झालं." मी म्हटले, झाले ना, किती छान झाले.

२१ एप्रिल

तीन दिवस ती उठलेली नाही. जेवत नाही. पाणी मी पाजतो. कारण कळत नाही. मध्यंतरी एवढे चांगले घडले असताना!

२४ एप्रिल

सकाळी जिवली आली. टोकावड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी आहे. हिरडा, मध, शिकेकाई घेऊन दोन दिवस चालत येते. दरसाल या दिवसांत कैऱ्यांची पाटी आणते. सरस्वती त्यांचे लोणचे घालते आणि एक बरणी जिवलीची. तिने पाटी अंगणात उतरवली आणि हाक मारली. मी बाहेर येऊन सांगितले, बाई आजारी आहे, लोणचे यंदा ताराबाईंकडून घालून घेऊ.

"तिचा नको," जिवली म्हणाली. "तिचा खारट असतो."

मग दारातून आत वाकून बघितले आणि तेथेच उंबऱ्याबाहेर बसली. मला विचारले, कवापासून? मी सांगितले. काय काय केले तेही सांगितले, तूप, तेल, बाटली, मुरबाड, पापड. पापडांचे ऐकून तिने कपाळाला हात लावला.

तिने जे सांगितले ते शक्य तितके तिच्याच शब्दांत टिपतो. "माझा पोर गेला तवा मी चुलीपुढं बसले ती बसलेच. दोन पावसाळं. मंग सासू बोलली, हिला आवणात, भात लावायला, उभी करा. आमच्यात सावडीला घरचा माणूस जायलाच लागतो, मरतुकडा असला तरी. मी काय लावत नवते. रोपाच्या मुठी पुढं द्यायच्या, बस. कुणी इचारला नाय, बरी हाय का गो. बोलायची, मूठ दे. मी द्यायचे."

"आणि बरी झालीस?"

"झाले. पन येतंय ते परत कदी कदी. आता वळखतात घरची."

"कशावरून?"

"मी भाकरी करपवते. मंग सासू बोलते, आलाय गो तुजा पावना, चल शेतावर."

गमतीदार, परंतु वैद्यकात बसणारे नव्हे. सासूचे निदान करपलेल्या भाकरीवरून! मी तिला चार आणे देऊ केले. घेतले नाहीत. कैऱ्या तेथेच ठेवल्या आणि आत ऐकू जाईल असे म्हणाली, "बाय, मी आयतवारी येते. बरनी माझी न्यायला." मला खुणेने बजावले की उठवायचे नाही, कापायच्याही नाहीत.

२७ एप्रिल

कैऱ्या मऊ पडू लागल्या. दोन फेकून दिल्या. मी काहीही करत नाही. आजवरच्या सगळ्या उपचारांत हा सर्वांत कठीण आहे.

२८ एप्रिल

दुपारी परत आलो तर माजघरात विळी मांडलेली. चार कैऱ्या कापलेल्या, पाचवी अर्धवट. सरस्वती विळीशेजारीच भिंतीला टेकून झोपली होती. हाताला चीक. मी दाराबाहेर बसून राहिलो. नंतर तिला फक्त एवढेच सांगितले की आयतवार तीन दिवसांवर आला.

२ मे

जिवली काल बरणी घेऊन गेली. बरणी अर्धीच भरली होती. तिने बोट घालून चाखले आणि म्हणाली, "मीठ बरा हाय. पुढच्या खेपेला भरून दे." आभार नाहीत, चौकशी नाही. सरस्वती दारापर्यंत आली होती.

रात्रभर विचार करून मी एक सिद्धांत बसवला आहे. मुरबाडचे बाराही दिवस आणि ते चारशे पापड हे अपथ्य होते. आपण सगळ्यांनी मिळून तिच्या हातातले काम काढून घेतले, तिच्याविना सगळे चालते हे तिला दाखवून दिले, आणि वर त्याची बातमी छापली. बातमी माझीच होती. पुढच्या अंकात दुरुस्ती देता येत नाही.

३ मे

ताराबाईंकडे गेलो. म्हटले, सरस्वतीला सावडीत परत घ्या. आमचे पापड सात जणींनी लाटले, तिला सात घरी हात परत द्यायचे आहेत, ते मागा.

ताराबाई संतापून म्हणाल्या, आजारी बाईकडून काम करून घेणारी मी कोण वाटले तुम्हाला? लोक काय म्हणतील? पोस्टमास्तर आतून टपालाचे शिक्के मारीत होते, ते थांबले. मी शेतीचे, आवणाचे, जिवलीचे दाखले दिले. "आता डोंगरातली बाई आम्हाला शिकवणार," त्या म्हणाल्या. मी म्हटले, मला तर तिने शिकवले आहे, आणि मी संस्कृत पढलो आहे.

त्यावर त्या जराशा हसल्या. तेवढ्यावर मी उठलो नाही. शेवटी जे खरे ते सांगितले: "ताराबाई, वैशाख संपला की राघोपंत तिला ठाण्याला नेतील. ती उठली नाही तर मी त्यांना कशानं अडवू?"

ताराबाईंनी हातातले सूप खाली ठेवले. मग म्हणाल्या, "शुक्रवारी माझं पीठ आहे."

६ मे

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

सकाळी ताराबाई पिठाचा गोळा केळीच्या पानावर घेऊन आल्या. तब्येत विचारली नाही. अगदी हुकमी आवाजात म्हणाल्या, "सरस्वतीबाई, चाखून सांगा. बायका खोळंबल्यात."

सरस्वती उठून बसली. केस विस्कटलेले. गोळ्याची कणी तोडून जिभेवर ठेवली, आणि ती इतका वेळ घोळवली की मी देवघराकडे पाहू लागलो.

"खार जास्त झालाय," ती म्हणाली. "तळल्यावर लाल होतील. आणि मीठ तुम्ही घाईत घातलंत."

ताराबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला वाटले होते की आमचा बेत साधला म्हणून त्या मनातून खूष होतील. छे! त्या खरोखरच रागावल्या. तीस वर्षे पापड करतेय, आजारी माणसाच्या जिभेला काय कळतं, असे म्हणून पान उचलून चालू लागल्या.

"थांबा," सरस्वती म्हणाली. "आणखी पीठ मिसळावं लागेल. तुम्हाला अंदाज यायचा नाही."

आणि पदर खोचून, केस तसेच, ती ताराबाईंच्या मागोमाग गेली. मुरबाडची गाडी सोडली, तर जानेवारीनंतर प्रथमच तिने अंगण ओलांडले. मी खिडकीतून पाहिले. दोघी वाटभर भांडत होत्या. तासाभराने ती परत आली, घामाने भिजलेली, आणि निजली. पण भिंतीकडे तोंड करून नाही.

१४ मे

हिशेबाने प्रगती होत नाही. दोन दिवस बरे, एक दिवस मुळीच नाही. त्या एका दिवशी ताराबाई दारातूनच ओरडतात, "तुमचे हात अजून पाच घरी द्यायचेत, विसरू नका." सरस्वती कधी जाते, कधी जात नाही. जाते तेव्हा काही वेळा नुसती लाट्या पुढे देत बसते. कोणी विचारत नाही.

मी संध्याकाळी तिला घेऊन भारंगी नदीच्या काठापर्यंत जातो. बोलणे कमी. श्लोक नाहीत.

२५ मे

राघोपंत आला. ठाण्याला नेण्याच्या तयारीने आला होता. छकडा, गादी, तांब्या, सगळे होते. सरस्वती अंगणात कोणाचे तरी सांडगे उन्हाला घालत होती. वाळून काटकी झाली आहे, ते खरे. तो पाहत उभा राहिला.

"बरी झालीस का ग?"

ती म्हणाली, "दादा, ठाण्याला नको. पण बरी झाले असंही तू म्हणू नकोस. मला हे सांगडे पुरे करू दे." बोलताना तिचा शब्द उलटापालटा झाला, ते तिच्याच लक्षात आले, आणि तिला हसू आले. या सालात पहिल्यांदा.

राघोपंताने छकडा सावलीत लावला आणि तो जेवूनच गेला. गादी मात्र येथेच ठेवून गेला. म्हणाला, असू दे.

९ जून

छप्पर शाकारून झाले. जिवलीला निरोप धाडला आहे की बरणी भरली. आजची आमटी बरोबर होती. मी तसे म्हटले, पुन्हा म्हटले, तेव्हा सरस्वती म्हणाली, "एकदा ऐकलं."

डॉक्टर वाटेत भेटला. काय उपयोगी पडले असे त्याने मनापासून विचारले. मी सर्व सांगितले, अगदी रुबाबात. त्याने वहीत लिहून घेतले. शहापूर-मुरबाड पट्ट्यात अशी दुसरी बाई उठेनाशी झाली, तर काय करू नये हे मी आता खात्रीने सांगू शकतो. काय करावे हेही पुष्कळसे.

संध्याकाळी ही वही सुरुवातीपासून वाचली. पहिल्याच पानावर आमटी आहे. तीन दिवस अळणी. आमटीची वाटी न बोलता उचलून नेली. मी ते अचूक टिपले होते, तारखेनिशी, आणि त्यावर विनोद केला होता. जिवलीच्या सासूने लिहिणे-वाचणे पाहिले नाही, तिला करपलेली भाकरी पुरली. मला मात्र ताराबाई येऊन सांगेपर्यंत जवळजवळ महिना लागला. त्याआधी किती दिवस गेले ते या वहीतही नाही.

ते परत येते, असे जिवली म्हणाली आहे. मला इस्पितळाची भीती वाटत नाही, राघोपंताची नाही, लोकांचीही आता फारशी नाही. पुढल्या वेळी ते आमच्याच घरात, माझ्याच पानावर वाढले जाईल आणि मला कळणार नाही, याची मला भीती वाटते.